चौथ्या पायरीची वीत

डोळे मिटा आणि थोडं सोबत चला. समजा, तुमच्या घरातले दिवे गेले आहेत आणि आतल्या खोलीतून तुम्हाला पाण्याचा तांब्या आणायचा आहे. हात पुढे करू नका, भिंत चाचपू नका, नुसते चाला. उंबरठा आला की पाय आपोआप उचलला जातो, पलंगाचा कोपरा आला की अंग आपणच जरा चोरून घेतं. पाय उचलायचं तर तुम्ही ठरवलंच नव्हतं, मग तो कुणी उचलला? घर डोळ्यांत राहतं तसं ते पायांतही राहतं, फक्त पाय कधी त्याबद्दल बोलत नाहीत. आता एवढं धरून चला की ते घर एकोणीस वर्षं तुमच्यापासून तोडलेलं आहे. शहराच्या मधोमध काटेरी तारा आहेत, भिंत आहे, भिंतीच्या दोन्ही बाजूंना बंदुका घेतलेली माणसं आहेत. आणि एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी तुम्ही पुन्हा त्याच जिन्याशी उभे राहता. पायांना आठवेल? तुम्ही म्हणाल, का नाही आठवणार. अदीबालाही तसंच वाटलं होतं. ती तीन पायऱ्या चढली आणि चौथीला अडखळून पडली.

फार लागलं नाही. डावा गुडघा दगडावर आपटला, पर्स उघडून तिच्यातला रुमाल, कंगवा आणि शाळेच्या खडूचे दोन तुकडे पायऱ्यांवरून घरंगळले. १९६७ सालचा जुलै होता. पश्चिम जेरुसलेममधल्या कतमोन वस्तीतला तो गुलाबीसर दगड भट्टीतून काढलेल्या पावासारखा तापला होता. अदीबा दोन्ही तळवे टेकून तशीच ओणवी राहिली. त्रेचाळीस वर्षांची बाई, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, वर्गात कुणी धडपडलं तर नजरेनेच गप्प करणारी. पण तिला उठावंसं वाटेना, कारण पडण्याच्या क्षणभर आधी तिने काहीतरी पाहिलं होतं. तिच्या पुढे तिची भाची लमीस चढत होती, आठ वर्षांची. लमीसचं पायऱ्यांकडे लक्षच नव्हतं, तिची मान अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या कुणाच्या तरी पिवळ्या फ्रॉककडे वळलेली होती. एक, दोन, तीन, आणि चौथीला तिचा पाय दोन बोटं जास्त उचलला गेला, बदकाने चिखलातून उचलावा तसा, आणि मग पाचवी, सहावी, सातवी. दहाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत रोज या जिन्याने चढलेली अदीबा पडली होती. आणि हे घर आयुष्यात पहिल्यांदा पाहणारी पोर आपल्या वाटेने वर जाऊन दाराशी उभी होती.

म्हणजे पायरी होती. गुडघ्याच्या ठणक्यातून ही गोष्ट अदीबाच्या अंगात हळूहळू चढत गेली. आईने रचलेली गोष्ट नव्हती ती. चौदा वर्षं ती चढूनही, आपल्याला आठवते ती पायरी खरी की आईने सांगून सांगून उभी केलेली, ही शंका गेली कित्येक वर्षं अदीबाला मनातून होती आणि ती तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. गोष्ट अशी, की तिचे वडील नस्री पोस्टात कारकून होते. पार्सलं तोलणं, शिक्के मारणं, यापलीकडे त्या हातांनी कधी काही केलं नव्हतं. पण घर बांधायला काढलं तेव्हा त्यांना वाटलं, एक तरी दगड आपल्या हातचा हवा. बेत जालाहून आलेला मिस्त्री मिखाईल म्हणाला, "साहेब, टाकी म्हणजे टपालाचा शिक्का नाही." तरी त्याने चौथ्या पायरीचा दगड त्यांच्यापुढे सरकवला आणि माप सांगितलं, "उंची एक वीत." नस्रींनी आठ दिवस कचेरीतून आल्यावर तो दगड घडवला. बसवल्यावर कळलं की जिना मध्येच फुगलाय. मिखाईल होता पाच फूट उंचीचा, त्याची वीत लहान. नस्रींची वीत त्याच्यापेक्षा दोन बोटांनी मोठी. मिखाईलने आयुष्यभर आपल्या वितीने घरं बांधली होती, वीत माणसागणिक बदलते हे सांगायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो दगड उखडायला निघाला तेव्हा अदीबाची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "राहू दे तिला. माझ्या घरात येणाऱ्याने जरा खाली बघून यावं." पायरी राहिली. पाहुणे ठेचकाळले, दूधवाला दोनदा सांडला, एका धर्मगुरूची टोपी पार फाटकापर्यंत गेली. घरच्यांचे पाय मात्र आठवड्याभरात शिकले, आणि एकदा शिकले ते शिकले.

अठ्ठेचाळीसच्या वसंतात वस्तीत गोळीबार सुरू झाला तेव्हा नस्रींनी बायको-मुलांना तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, मावशीकडे पाठवलं. पंधरा दिवसांसाठी. स्वतः घर राखायला मागे राहिले. फाटकाशी उभे राहून त्यांनी हात हलवला असणार, पण अदीबाला तो हात तेवढा आठवतो, बोटावर जांभळ्या शाईचा डाग असलेला. हाताच्या वर जिथे चेहरा असायला हवा तिथे नुसतं ऊन आहे. फोटोंचा अल्बम कपाटावरच राहिला. पंधरा दिवसांनी वस्ती ज्यू सैन्याच्या हाती पडली, पाठोपाठ शहराचे दोन तुकडे झाले, आणि नस्रींचं काय झालं हे पलीकडून कधी कुणी सांगितलं नाही. मावशीच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार थाटला गेला. छतावरून पाहिलं की नैऋत्येला टेकडीवर सुरूंची एक रांग दिसायची. आई म्हणायची, त्या रांगेच्या मागे आपलं घर. तिचे डोळे जायला लागले तेव्हा ती विचारायची, "सुरू आहेत ना?" आणि कुणीतरी म्हणायचं, "आहेत यम्मा."

जुन्या शहरातल्या गल्ल्या म्हणजे निव्वळ पायऱ्या. त्या पायऱ्यांवर नस्रींच्या घरची माणसं लगेच ओळखू यायची. कुठलाही जिना असो, मशिदीचा, दवाखान्याचा, चौथीला त्यांचा पाय उगाच उचलायचा आणि हवेतून खाली यायचा. कोपऱ्यावरचा पाववाला अबू सुब्ही तिळाच्या पावांची फळी डोक्यावर सावरत म्हणायचा, "या, या. चौथीला सलाम करून या. बाकीच्या पायऱ्या सावत्र आहेत काय?" आई त्याला तिथल्या तिथे ऐकवायची, "तुझ्या बापाने एक तरी पायरी बांधली का रे, तू सलाम करायला?" भाऊ रऊफ हसायचा. अदीबाला मात्र शरम वाटायची. शाळेत नोकरी लागली त्या वर्षी मधल्या सुट्टीत तिने जिन्याच्या कठड्याआडून पाहिलं, सहावीच्या चार मुली रांगेने चढत होत्या आणि चौथीला बदकासारखे पाय उचलत होत्या, आणि पाचवी मुलगी म्हणत होती, "मिस अदीबा, घरी सगळे असेच का हो?" त्या हिवाळ्यात अदीबा रोज छतावरच्या जिन्याने डोक्यावर नकाशांचं पुस्तक ठेवून वर-खाली करत राहिली, पुस्तक हलेनासं होईपर्यंत. वसंत आला तोवर तिची चाल इतर कुणाच्याही चालीसारखी झाली होती. एवढ्याशा गोष्टीचा तिला किती अभिमान होता. पुढे रऊफ बायकोला घेऊन कुवेतला गेला, लमीसला आजीपाशी ठेवून, आणि ही पोर दिवसभर आजीचा हात धरून चालायला लागली. आता आजीला दिसत नव्हतं, तेव्हा कोण कुणाला चालवत होतं कुणास ठाऊक. वर्षभरात लमीस चौथीला पाय उचलायला लागली. अदीबा तिला प्रत्येक जिन्यावर टोकायची. "नीट टाक पाय. तिथे काही नाहीये." पोर म्हणायची, "माहितीये आत्या," आणि पुढच्या जिन्यावर पुन्हा उचलायची.

तिथे काही नाहीये. हे वाक्य आपण किती वेळा म्हणालो असू, याचा अदीबा त्या तापलेल्या दगडावर ओणवी राहून हिशेब करू लागली आणि थांबली. जूनमध्ये सहा दिवसांची लढाई झाली होती. लढाई संपल्यावर जुनं शहरही इस्रायलच्या हाती गेलं, मधली भिंत पाडली, तारा गुंडाळल्या. शहर जोडलं, असं पलीकडचा रेडिओ सांगत होता, अबू सुब्ही म्हणायचा, "सापाने उंदीर जोडून घेतला." तरीही माणसं निघाली. कुणी सोबत किल्ली घेतली, कुणी नुसती मुलं. आपलं दार लांबून पाहिलं, परत आली आणि दोन दोन दिवस बोलली नाहीत. अदीबा महिनाभर जायचं टाळत होती. आज सकाळी आईने तिला बिछान्याशी बोलावलं. डॉक्टरांनी शरदातली जैतुनांची तोडणी ती पाहील असं काही सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं आईलाही समजलं होतं.

"घर बघायला जाऊ नकोस," आई म्हणाली. "घर ते बदलतील. रंग लावतील, भिंती पाडतील. त्याचं मला काही नाही. पायरी बघून ये."

"यम्मा, एकोणीस वर्षं झाली."

"दगड आहे तो, नोकरी नाही त्याला की निवृत्त होईल." तिने अदीबाचं मनगट चाचपून धरलं. "आपल्याकडे त्याचा फोटो नाही, अदीबा. कबर नाही. त्याचा हात तेवढा तिथे आहे. आहे की नाही, एवढं मला कळू दे. मग मी पडून राहायला मोकळी." आणि लमीसकडे चेहरा वळवून म्हणाली, "सित्ती, तू जा हिच्याबरोबर. हिचं लक्ष नसतं." आजी नातीला सित्तीच म्हणायची, म्हणजे आजीच; नातीने आजीला मारलेली हाक आजी तशीच तिला परत द्यायची.

"लागलं का हो?"

वरच्या दारात एक बाई उभी होती. हात कणकेने भरलेले, डोक्याला फडकं, वय अदीबाएवढंच. अरबीच बोलत होती, पण बगदादहून आलेल्या ज्यूंच्या हेलाची. अदीबाने चटकन उठून झगा झटकला. एकोणीस वर्षं मनात घोळलेलं वाक्य होतं तिच्यापाशी, चांगलं ताठ वाक्य, आणि नेमकं आता ते सापडेना. ती म्हणाली, "माफ करा. आम्ही नुसतं बघायला आलो होतो."

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग घराकडे. तिला समजलं हे तिच्या खांद्यांवरून कळलं. "या महिन्यात शेजारी तीन घरांना माणसं येऊन गेली," ती म्हणाली. "माझा नवरा म्हणायचा, आपल्याकडे कुणी येत नाही म्हणजे बरंय. मी म्हणायची, येतील. नईमा माझं नाव. गुडघा दाखवा इकडे." ती खाली यायला निघाली. चौथ्या पायरीवरून खाली उतरताना तिने कठडा घट्ट धरला आणि पाय चाचपून टाकला. "ही मेली पायरी. सोळा वर्षं झाली आम्हाला इथे, अजून मला पाडते. नवऱ्याचा घोटा मोडला होता. माझा मोठा मुलगा अजून हिच्यावर पडतो आणि आता सैन्यात आहे तो." मग ती मध्येच थांबली आणि मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या लमीसकडे बघू लागली. "ही पोर कशी चढली? मी खिडकीतून बघत होते. हिने खाली पाहिलंसुद्धा नाही. आधी कधी आली होती का ही?"

"नाही," अदीबा म्हणाली. "ती जन्मली नव्हती."

दोघी बायका त्या पोरीकडे पाहत राहिल्या. घर कुठे असतं, हे ती वर्गात नकाशावर काठी टेकवून शिकवत आली होती. अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची. आता तिला दिसलं की हे घर वाटेल तिथे चालत गेलं होतं. पाववाल्याच्या कोपऱ्यावर, दवाखान्याच्या जिन्यावर, मशिदीच्या चढावर, रोज थोडं थोडं, एका आंधळ्या म्हातारीच्या पायातून एका पोरीच्या पायात. ज्या माणसाला त्या पोरीने पाहिलं नाही त्याच्या हाताची उंची तिच्या पोटरीला ठाऊक होती. आणि आपण ती उंची डोक्यावर नकाशांचं पुस्तक ठेवून पुसून टाकली. अदीबा खाली वाकली आणि चौथ्या पायरीच्या उभ्या अंगावर तळवा ठेवला. बाकीच्या पायऱ्यांवर मिखाईलच्या टाकीचे घाव सारखे, ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारखे होते. इथे ते वेडेवाकडे होते, कुठे खोल, कुठे उथळ, एका बाजूला टाकी घसरून गेलेली. पोस्टातल्या माणसाचे घाव. तिने बोट त्या घसरलेल्या रेघेवरून फिरवलं आणि तिला एकाएकी वडिलांचा चेहरा आठवला, असं काही झालं नाही, पण जीभ दातांत धरून एखादं अवघड काम करणाऱ्या माणसाचा श्वास तिला ऐकू आला, अगदी कानाशी.

"हे माझ्या वडिलांनी घडवलंय," ती म्हणाली. "चुकलंय त्यांचं."

नईमाने कणकेचे हात झग्याला पुसले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सणाच्या आधी आम्ही हा जिना काढणार आहोत. सिमेंटचा करायचाय. माणूस ठरलाय, पुढच्या आठवड्यात येईल." अदीबाने वर पाहिलं नाही. "मी सांगून बघेन नवऱ्याला," नईमा म्हणाली. "पण घोटा त्याचा मोडलाय, ऐकायचा नाही. खोटं कशाला सांगू." जराशाने ती पुन्हा म्हणाली, "आमच्याही बगदादच्या घरात एक दार होतं, पावसाळ्यात फुगून बसायचं. असो. चहा टाकते." अदीबाला चहा नको होता. त्या घरात, त्या कपात, आईच्या ओट्यावर उकळलेला चहा तिच्या घशाखाली उतरला नसता. नईमाने आग्रह केला नाही, लमीसला मात्र तिने मूठभर बदाम दिले.

आता आईला काय सांगायचं? पायरी आहे, हे खरं होतं. आठवड्याने नसेल, हेही खरं होतं. अदीबा खडूचे तुकडे गोळा करत होती तेव्हा लमीस खाली आली, तिच्या हातातला एक तुकडा तिने काढून घेतला, तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, पांढरा मोजा खाली सारला, नडगी चौथीला चिकटवली आणि पायरीच्या कडेला धरून नडगीवर एक रेघ ओढली.

"काय करतेस?"

"सित्तीसाठी," लमीस म्हणाली. "तुझं लक्ष नसतं."

परतीच्या वाटेवर ती एक पाय ताठ ठेवून चालली, मोजा घोट्याशी गुंडाळलेला. सुरूंच्या रांगेपाशी अदीबा थांबली; जवळून ती साधी झाडं होती, धुळीने भरलेली, आणि एकाखाली कुणाची तरी सायकल टेकलेली. जिथे भिंत होती तिथे आता नुसता उकरलेला मातीचा पट्टा होता. तटबंदीच्या दरवाज्यातून जुन्या शहरात शिरल्यावर गल्लीच्या पायऱ्या लागल्या आणि अदीबाच्या लक्षात आलं, आपण मोजतोय. एक, दोन, तीन. चौथीला तिने मुद्दाम पाय उचलला. तो चुकीचा उचलला गेला, फार उंच, शिकवलेल्या गोष्टीसारखा. कोपऱ्यावरून अबू सुब्ही बघत होता. त्याने तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक तिळाचा पाव कागदात गुंडाळून मुकाट्याने लमीसच्या हातात दिला.

आई बिछान्यात उशीला टेकून बसली होती, कुणीतरी वेणी घालून दिली होती तिची. पावलं ऐकून तिने विचारलं, "आहे?"

"आहे, यम्मा."

"हात लावलास?"

"लावला. टाकी घसरलीये एका बाजूला."

आईचा चेहरा हलला. "घसरली होती. अंगठा कापून घेतला होता तेव्हा." मग ती थोडी पुढे झुकली. "उंच किती?"

"दोन बोटं जास्त."

"ते मीच सांगितलंय तुला. माझंच मला परत देऊ नकोस." तिचा आवाज चिडका झाला होता, लहान मुलाचा होतो तसा. "लग्नानंतर मी त्याच्या हाताला हात लावून बघायची. माझी वीत संपायची आणि वर त्याची दोन बोटं उरायची. तेवढी आहे का ती? मिखाईलने नंतर गुपचूप छाटली तर नाही ना? कुणी सांगावं, ह्या लोकांनी घासली असेल."

अदीबाला सिमेंटचं सांगायचं नव्हतं, आणि खोटंही बोलवत नव्हतं. ती म्हणाली, "लमीसने खूण करून आणलीये," आणि पोरीला पुढे ओढलं.

लमीसने बिछान्याशी उभं राहून पाय पुढे केला. नडगीवर काही नव्हतं. घाम होता, धूळ होती, डासाच्या चावण्यावर नखाने खाजवलेले लाल ओरखडे होते, आणि खडूची रेघ त्या सगळ्यात कुठेतरी पुसून गेली होती. अदीबा खाली बसून शोधू लागली. आईचा हात हवेत थांबला होता, उघडा, वाट पाहत.

लमीसने आपल्या पायाकडे एकदा पाहिलं. तिला रडू आलं नाही. तिने बूट काढला, मोजा काढला, आजीच्या बिछान्याकडे तोंड केलं, आणि खोलीच्या सपाट फरशीवर दोनदा जागच्या जागी पाय आपटले, चढणाऱ्याने आपटावेत तसे. तिसरा आपटला. मग डोळे मिटून तिने चौथ्याला पाय उचलला, आणि तो जिथे थांबला तिथेच हवेत धरून ठेवला.

"मोज, सित्ती," ती म्हणाली.

म्हातारी बिछान्यावरून ओणवली. तिने अंगठा फरशीवर टेकवला, बोटं ताणून वीत उभी केली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तिच्यावर आडवी ठेवली. वरच्या बोटाला पोरीचा तळवा लागला, उन्हाने अजून गरम असलेला. म्हातारीने बोटं काढली नाहीत. आणि लमीस एका पायावर, कशालाही न धरता, तशीच उभी राहिली.